सावित्रीकाठची पायवाट : एक परिसरपाठ
(इयत्ता पाचवी ते सातवी)

महाड व पोलादपूर तालुक्यांतील शिक्षकांस नदी शिकविण्यासाठी नकाशाची वाट पाहण्याचे कारण नाही. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री पोलादपुरावरून खाली येते, महाडजवळ गांधारीला आपल्यात घेते आणि बाणकोटच्या खाडीवाटे समुद्रास मिळते. वर तिचे पात्र खडकाळ, खाली संथ व गाळाचे. हा फरक मुलांनी काठाने चालत पाहावा.

हिवाळ्यातील सकाळ या पाठास उत्तम. करडा धोबी तेव्हा पाहुणा म्हणून आलेला असतो. खंड्या, ढोकरी व पाणकावळा घरचेच. महाडकडील मुलांचे डोळे मात्र मगर शोधतात. मगरीच्या शरीराची ऊब बाहेरच्या उष्णतेवर अवलंबून असते, म्हणून ऊन चढू लागले की ती काठावर येऊन पडते. तिने जबडा उघडा ठेवला म्हणजे ती कोणावर टपली आहे असे नव्हे. अंगातील जादा उष्णता ती तशी बाहेर टाकते. एवढे समजल्यावर पुष्कळ मुलांच्या हातातील दगड खाली पडतो, असा अनुभव आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचाही उल्लेख करावा. परंतु आधी कारण सांगावे, कायदा मागाहून.

आपल्या वर्गातील कित्येक मुली आईबरोबर धुणे घेऊन नदीवर जातात. मगर जेथे ऊन खाते, तेथून धुण्याचा दगड कधी कधी फार दूर नसतो. म्हणून प्रत्येक मुलाकडून काठाचा कच्चा नकाशा काढवून घ्यावा. त्यात पाणवठा, धुण्याची जागा, गुरांचा उतार व मगर दिसलेली जागा दाखवावी आणि तो घरी आईस समजावून देण्यास सांगावे. निरीक्षण पुलावरून किंवा उंच बांधावरूनच करावयाचे. पाण्याच्या कडेला कोणी उतरावयाचे नाही. उन्हाळ्यात मादी काठच्या मातीत अंडी राखते, तेव्हा हा पाठ घेऊच नये.

सातवीच्या मुलांनी सायकली आणल्यास गणितही साधते. चाकाच्या एका आरीला चिंधी बांधून फेरे मोजावे व चाकाच्या परिघाने गुणावे. (चिंधीपेक्षा लाल रिबीन मुलांस अधिक पसंत पडते!)

परतताना पुराच्या खुणा पाहाव्या. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महामार्गावरील जुना दगडी पूल याच नदीने नेला. जुलै 2021 मध्ये महाड शहर पाण्याखाली गेले. पाणी भिंतीवर कोठवर आले होते, हे वडीलधाऱ्यांस विचारून जमिनीपासूनची उंची मापपट्टीने मोजावी. ज्या घरातील माणूस पुरात गेले असेल, त्या घरी मुलांना पाठवू नये.