पायनघाट, मेळघाट, बालाघाट: निघण्याआधी ऐकून घ्या

पोरांनो, चार दिवस गाडी काढून वऱ्हाड बघायचं ठरवलंत, फार चांगलं केलंत. फक्त चिखलदऱ्याला सकाळी जाऊन संध्याकाळी परत, एवढ्यावर भागवू नका. जुन्या लोकांनी वऱ्हाडाचे तीन भाग मानले. मधली काळ्या मातीची सपाटी म्हणजे पायनघाट, उत्तरेला सातपुड्यातला मेळघाट आणि दक्षिणेला पठारावरचा बालाघाट. बर्फाचे डोंगर आपल्याकडे नाहीत, पण हे तिन्ही ओळीनं पाहिले की आपण कुठल्या मुलखात राहतो ते नीट कळतं.

दिवस ऑक्टोबरचे धरा. पाऊस सरलेला असतो, धबधब्यांना अजून पाणी असतं आणि पऱ्हाटीची बोंडं फुटायला लागलेली असतात. पावसाळ्यात मेळघाटच्या गाभ्यातली सफारी बंद असते. शिवाय ओढ्यांवरच्या रपट्यांवरून पाणी चढतं. कधीही गेलात तरी हे लक्षात ठेवा: रपट्यावरून पाणी वाहत असेल, तर गाडी अलीकडेच थांबवायची. समोरचा गेला म्हणून आपण जायचं नाही.

शिदोरीला ज्वारीच्या दशम्या न्या. पीठ पाण्यात न भिजवता दुधात, गूळ घालून भिजवायचं, म्हणजे दोन दिवस मऊ राहतात. सोबत लसणाची कोरडी चटणी आणि कांदे. ओली भाजी नको, दुपारपर्यंत आंबते. पाण्याचं तर आधीच सांगतो. पूर्णेच्या दोन्ही काठांना खारपाणपट्टा आहे. तिथल्या विहिरींचं पाणी खारट, त्यामुळे कॅन घरूनच भरून घ्या.

पहाटे अमरावती सोडा. परतवाड्याला टाकी भरा, स्टेपनीतली हवा बघून घ्या, थोडे सुटे पैसे खिशात ठेवा. पुढे जंगलात फोनला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून मुक्कामाचं ठिकाण घरी आधीच कळवून ठेवा. मग घाट. चढताना जो गिअर लागला, तोच उतरताना ठेवायचा. नुसत्या ब्रेकवर गाडी सोडली की चाकांजवळून जळका वास येतो. तसा वास आला, तर रुंद जागा बघून गाडी बाजूला घ्या आणि ब्रेक गार होऊ द्या. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. धुकं दाटलं तर दिवा खाली पाडा, काच थोडी उघडा आणि गाणी बंद करा. वळणापलीकडचा हॉर्न कानानंच कळतो.

चिखलदरा 1,118 मीटरवर आहे. तिथं एक रात्र राहाच, कारण गर्दी ओसरल्यावरची सकाळ वेगळीच असते. कीचकाला भीमानं इथल्याच दरीत टाकलं असं सांगतात. गाविलगडाला मात्र सबंध अर्धा दिवस द्या. 15 डिसेंबर 1803 रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेनं हा किल्ला घेतला. त्याआधी 29 नोव्हेंबरला आडगावची लढाई झाली आणि 30 डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा तह. एका महिन्यात वऱ्हाडचं नशीब पालटलं, आणि त्या तिन्ही जागा तुमच्या याच वाटेवर किंवा वाटेच्या जवळ आहेत. हे आपल्या पोरांना ठाऊक असलंच पाहिजे.

तिथून सेमाडोह आणि सिपना नदीकाठचं कोलकास. कोरकू आदिवासींच्या गावात घरांच्या दोन रांगा समोरासमोर असतात, मधून रस्ता. तिथं गाडी अगदी हळू घ्या, लेकरं आणि कोंबड्या कधीही आडव्या येतात. विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढू नका. होळीनंतर गेलात तर बाया रस्त्यात अडवून फगवा मागतील. तो त्यांचा सणाचा मान आहे, हसून द्या. वानरांना खायला घालू नका. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा. रात्री जंगलाचा रस्ता जनावरांचा.

परत परतवाड्याला उतरून अंजनगावमार्गे अकोटला जा. मला सगळ्यात जास्त आवडतो तो हाच रस्ता. उजव्या हाताला सातपुड्याची भिंत सोबत चालते, डाव्या हाताला सपाटी पसरत जाते. पायनघाट आणि मेळघाट इथं एका नजरेत मावतात. ही वाट घाईनं कापू नका. अकोटहून नरनाळा किल्ला गाठा. महाकाली दरवाजावरचं दगडातलं कोरीवकाम जवळून, सकाळच्या तिरप्या उन्हात बघा, अक्षरं उठून दिसतात.

मग पूर्णा ओलांडून अकोला, आणि अकोल्याहून पातूरचा घाट चढलात की बालाघाट लागला. मालेगाव, मेहकर करत लोणार. जवळपास 1.8 किलोमीटर रुंदीचं हे विवर उल्का आदळून पडलं, तेही आपल्या काळ्या पाषाणात. खाली उतरायचं तर सकाळी आणि पायात बूट घालून. तळ्याचं पाणी खारं आहे, तोंडात घेऊ नका. तिथं साबण, प्लॅस्टिक काही टाकू नका. 2020 पासून ते पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे, आणि यादीत नसतं तरी टाकायचं नव्हतंच.

परतीचा अकोला-अमरावती रस्ता गुळगुळीत आहे. याच मार्गावर जून 2022 मध्ये लोणी ते मूर्तिजापूर 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झालं आणि गिनीज विक्रम नोंदला गेला. अशा गुळगुळीत रस्त्यावर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय जड होतो. कापसाच्या हंगामात वरपर्यंत कापूस रचलेले ट्रॅक्टर मागे दिवा नसताना चालतात, अंधारात अगदी जवळ गेल्यावर दिसतात. तेव्हा शेवटच्या दिवशी लोणारहून दुपारच्या आतच निघा आणि उजेडात घरी या.