मरण केव्हा झाले? – कायद्याची दृष्टी

महोत्सवाचा प्रसंग मंगल आणि आमचा विषय अमंगल, हे आम्ही जाणून आहो. परंतु ज्या घराने रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग पाहिलेला नाही असे घर आज विरळाच. तेथे नातलगांना कधी कधी तासा-दोन तासांत जो निर्णय करावा लागतो, त्याची माहिती शांत मनाने आधीच करून घेतलेली बरी. म्हणून सभासद बंधु-भगिनींपुढे हा विषय ठेवीत आहो.

पूर्वी प्रश्न सोपा होता. श्वास थांबला, नाडी लागेना, अंग गार पडले, की वैद्य मान हलवी आणि घरात रडारड सुरू होई. कायदाही याहून खोलात शिरत नव्हता. १८६० च्या दंड संहितेत मृत्यू म्हणजे 'मनुष्याचा मृत्यू' एवढेच सांगितलेले होते. वाचून हसू येते, पण त्या काळी तेवढे पुरत होते. पुढे १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने थोडी अधिक स्पष्ट व्याख्या केली. जिवंत जन्मल्यानंतर केव्हाही जीविताच्या सर्व खुणा कायमच्या नाहीशा होणे, म्हणजे मृत्यू. या व्याख्येत हृदयाचे नाव नाही, तसे मेंदूचेही नाही.

गोंधळ निर्माण केला तो यंत्राने. १९५२ साली कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली, तेव्हा वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने रबरी पिशव्या दाबून शेकडो रोग्यांच्या फुफ्फुसांत हवा भरली. त्या अनुभवातून कृत्रिम श्वसनाची आजची पद्धत वाढीस लागली. असंख्य प्राण तिने वाचविले, यात शंका नाही. पण ज्याचा मेंदू पूर्णपणे गेला आहे, अशा देहाचे हृदयही ती काही काळ चालू ठेवू लागली. १९५९ साली पॅरिसच्या मोलारे व गुलों या दोन डॉक्टरांनी अशा २३ रोग्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. १९६७ च्या डिसेंबरात केपटाऊन येथे डॉ. बर्नार्ड यांनी एका माणसाचे हृदय दुसऱ्यास बसविले. लगेच १६ फेब्रुवारी १९६८ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील तसा पहिला प्रयत्न केला. आता प्रश्न टाळता येईना: हृदय ज्याचे काढावयाचे, तो मेला केव्हा? त्याच वर्षी हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीने मेंदूच्या मृत्यूच्या कसोट्या मांडल्या.

आपल्या देशात कायद्याने याचे उत्तर दिले ते १९९४ साली. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा हा कायदा संसदेने केला तो गोवा, हिमाचल प्रदेश व महाराष्ट्र या तीन राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून मागितला म्हणून. गोमंतकीय व महाराष्ट्रीय वाचकांनी हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्यात मरणाच्या दोन वाटा मान्य केल्या आहेत: एक हृदय व श्वसन थांबण्याची, दुसरी मेंदूस्तंभ मरण्याची. मेंदूस्तंभ म्हणजे मेंदूच्या तळाचा देठासारखा भाग. श्वासाची प्रेरणा तेथून येते.

ही दुसरी वाट एकट्या डॉक्टरने जाहीर करता येत नाही. चार डॉक्टरांचे मंडळ लागते: रुग्णालयाचा प्रमुख, मान्य यादीतील एक स्वतंत्र तज्ज्ञ, एक मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदूचा शल्यविशारद, आणि रोग्यावर प्रत्यक्ष उपचार करणारा. (मेंदूचा तज्ज्ञ न मिळाल्यास भूलतज्ज्ञादिकांस घेण्याची सवलत २०११ च्या दुरुस्तीने दिली.) अवयव बसविणाऱ्या पथकातील कोणी या मंडळात नसावा, हा दंडक आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रथम गुंगीचे औषध, विष, अतिथंडी यांमुळे तशी अवस्था आलेली नाही ना, हे पाहतात. मग बाहुलीवर प्रकाश टाकणे, बुबुळास कापसाने स्पर्श करणे, कानात थंड पाणी सोडून डोळे हलतात का पाहणे, घशास डिवचणे. शेवटी प्राणवायू चालू ठेवून यंत्र काढतात आणि रक्तात कर्बवायू साचूनही छाती आपण होऊन हलते का, ते पाहतात. प्रौढाच्या बाबतीत किमान सहा तासांनी हे सर्व पुन्हा करतात.

याची बेशुद्धीशी गल्लत करू नये. अरुणा शानबाग या परिचारिका १९७३ पासून २०१५ पर्यंत के. ई. एम. मध्ये अंथरुणावर होत्या. पण त्यांचा श्वास त्यांचा स्वतःचा होता. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मेंदू मेला की माणूस मेला असे मानावे म्हटले, आणि त्याच कसोटीने अरुणाबाई जिवंत आहेत असा निर्वाळा दिला.

खरी अडचण पुढेच आहे. १९९४ च्या कायद्यातील व्याख्या त्या कायद्यापुरती आहे. नोंदणीच्या कायद्यात मेंदूस्तंभाचा उल्लेख नाही. त्यामुळे नातलगांनी अवयवदानास होकार दिला तर रोगी मृत ठरून पुढची व्यवस्था होते. नकार दिला तर तोच देह यंत्रावर ठेवावा की नाही, याविषयी डॉक्टर कचरतात, आणि हृदय थांबेपर्यंत घरचे लोक बाहेर बाकावर बसून राहतात, बिल वाढत राहते. मरण नातलगांच्या होकारावर अवलंबून असावे, हे आम्हांस तर्काला धरून वाटत नाही. केरळ राज्याने २०२० साली मेंदूस्तंभाच्या मृत्यूचा दाखला अवयवदानाच्या प्रश्नापासून वेगळा काढून नियमावली केली; इतर राज्यांनीही तसे करावे, असे आमचे मत आहे.

तोवर प्रसंग आलाच, तर घरातील एका धीराच्या माणसाने विचारून घ्यावे: दोन्ही तपासण्या किती वाजता झाल्या, चार डॉक्टर कोण, आणि २०१४ च्या नियमांतील दहाव्या नमुन्यावर त्या चौघांच्या सह्या झाल्या आहेत काय. छाती वरखाली होताना आणि हात ऊन लागताना हे विचारणे फार कठीण असते. म्हणून ते काम मुलाने किंवा पत्नीने करू नये. जरा दूरच्या नात्यातल्या कोणी करावे.