घडवून घेतलेल्या सुरीतले दोष

लोहाराकडून घडवून घेतलेल्या सुरीतला दोष बहुधा दिसतो एका जागी आणि असतो दुसऱ्याच जागी. धार टिकत नाही म्हणून दगड बदलला जातो, पण चूक भट्टीत झालेली असते; मूठ हलते म्हणून नवी मूठ बसवली जाते, पण मुठीत शिरणारे पात्याचे शेपूटच आखूड असते. सुरी परत न्यावी, दुरुस्त करून घ्यावी की आहे तशी वापरावी, हे त्यामुळे दोष घडणीच्या कोणत्या पायरीवर शिरला त्यावर ठरते.

काही गोष्टी दोष नसतातच. पात्याच्या पाठीकडे राहिलेला काळा थर, घणाच्या उथळ खुणा, दोन बाजूंमधला बारीकसा फरक ही हातकामाची लक्षणे आहेत. कांदा, चिंच, लिंबू कापल्यावर साधे पोलाद काळवंडते, ओले ठेवले तर गंजते. पाते वेळीच पुसून त्यावर खोबरेल तेलाचा हात फिरवला की एवढ्यावर भागते. यासाठी लोहाराच्या दारात जाणाऱ्याचे पुढचे खरे गाऱ्हाणेही मग हलक्यात घेतले जाते.

पहिली पायरी लोखंडाची. बाजारातले बरेच लोहार ट्रकच्या कमानीचे जुने पाटे वापरतात. त्यात कार्बन साधारण अर्धा ते पाऊण टक्का असतो आणि त्याला पाणी चांगले चढते, म्हणजे तापवून बुडवल्यावर ते चांगले कडक होते. बांधकामाच्या सळईत किंवा साध्या पट्टीत तो पाव टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. ती कितीही तापवून बुडवली तरी सुरीला लागणारा कडकपणा येत नाही. परीक्षा सोपी आहे. बारीक कानस धारेजवळ हलकेच फिरवावी. ती घसरत गेली तर पाते कडक, चावली तर मऊ. ही परीक्षा पाठीकडे करू नये, कारण अनेक कारागीर फक्त धारेलाच पाणी देतात आणि पाठ मुद्दाम मऊ ठेवतात. धार मऊ निघाली तर लोखंड कोणते होते, असा सरळ प्रश्न विचारावा. पाटा असेल तर पुन्हा पाणी देऊन काम होते. सळई असेल तर त्या पात्यावर आणखी मेहनत करण्यात अर्थ नाही.

ठोकताना पोलाद फार तापले, ठिणग्या उडू लागल्या, की ते जळते आणि आतले कण मोठे होतात. अशा पात्याचा तुकडा पडला तर तुटलेली बाजू खरखरीत आणि चकाकती दिसते. चांगल्या पोलादाची बाजू राखाडी व बारीक कणांची असते. जळलेले पोलाद परत सुधारत नाही. थंड होत आलेल्या लोखंडावर घण घातला तर लोखंडाचा पदर आत दुमडतो आणि पात्याच्या लांबीने एक बारीक रेघ राहते. ती वरवरची असेल तर घासून जाते.

सर्वांत जास्त घोटाळे होतात ते पाणी देताना. लोहचुंबक चिकटायचे थांबते ती पातळी सुमारे ७७० अंश सेल्सिअसची. त्याच्या थोडे वर नेऊन पाते बुडवले की ते कडक होते. कडक होताना पोलाद किंचित फुगते. बाहेरचा थर आधी निवून घट्ट बसलेला असतो, आतला भाग नंतर फुगू लागतो आणि त्या ताणाने तडा जातो. पाणी फार झपाट्याने उष्णता ओढते, तेल सावकाश. कमानपाट्याचे पोलाद तेलात बुडवण्याजोगे असते. ते थंड पाण्यात घातले तर तडा जाण्याचा धोका वाढतो. हा तडा बहुधा धारेपासून पाठीच्या दिशेने, आडवा जातो. घासल्यानंतर तो ओरखड्यासारखा दिसतो, आणि फसगत होते ती इथेच.

प्रस्तुत लेखकाने घडवून घेतलेल्या एका सुरीवर मुठीजवळ अशीच रेघ होती. घडवणाऱ्याचे म्हणणे होते की तो ओरखडा आहे, दगडावर जाईल. दगडावर ती फिकी झाली, गेली नाही. शेवटी पात्याला रॉकेल लावून काही वेळ ठेवले, कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसले आणि वर खडूची भुकटी चोळली. आत मुरलेले रॉकेल खडूत उतरले आणि रेघ दोन्ही बाजूंनी सारखीच उमटली. त्यानंतर वाद उरला नाही. लोहाराने दुसरे पाते घडवले. पाते टिचकीने वाजवून पाहण्याचीही रीत आहे: अखंड पाते खणखणते, तडकलेले बद्द वाजते. पण मूठ सैल असली तरी आवाज बद्दच येतो, तेव्हा खडूची साक्ष अधिक भरवशाची. तडा वेल्डिंगने भरू नये. तापलेल्या जागेचे पाणी उतरते आणि शेजारी नवा तडा जातो.

पाणी दिल्यावर पाते काचेसारखे ठिसूळ असते. लगेच सुमारे २०० अंशांवर तास-दोन तास तापवून तो ठिसूळपणा कमी करावा लागतो. भट्टीवर काम करणारे हे घासलेल्या पात्यावर चढणाऱ्या रंगावरून ओळखतात: आधी फिका पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. स्वयंपाकाच्या सुरीला पिवळा रंग पुरतो. लाकूड-नारळावर चालणाऱ्या कोयत्याला त्याच्या पुढे जावे लागते. ही पायरी गाळली तर धारेला दाते पडतात, जास्त झाली तर धार मुडपते. दोन्ही दोष पुन्हा तापवून दुरुस्त होतात. मात्र दर खेपेला पृष्ठभागाचा कार्बन थोडा जळतो, पाते बारीक होते; एखाददुसऱ्या खेपेच्या पुढे हट्ट धरू नये.

निकाल देण्यापूर्वी एक गोष्ट हमखास करावी. नवी सुरी यंत्राच्या चाकावर घासलेली असेल तर अगदी कडेचा पातळ भाग तापून मऊ झालेला असू शकतो, आणि त्याच्या आतले पोलाद उत्तम असते. म्हणून निसण्यावर पाणी टाकून हाताने दोन-तीन वेळा धार काढून पाहावी. त्यानंतरही धार मुडपली किंवा तुटली तर दोष आत आहे. सायकलवाल्या धारवाल्याकडे किंवा वेल्डिंगच्या दुकानातल्या चाकावर मात्र ती नेऊ नये. तिथे धारेवर निळा डाग उमटला की तेवढ्या जागेचे पाणी उतरले, आणि मग मूळ दोष कोणाचा हे घडवणाऱ्यालाही सांगता येत नाही. पात्याचा बाक हातोडीने सरळ करण्याचा मोहही टाळावा. कडक पाते थंडपणी ठोकले तर तुटते. बाक काढायचा तर पाते तापवतानाच.

मुठीचे दोष बरेचसे घरचे असतात. कोकणात पावसाळ्यात लाकूड फुगते, पुढे आटते आणि फट पडते. ती भरून जवसाचे तेल पाजले की झाले. लाखेने बसवलेली मूठ गरम पाण्यात बुडवली तर लाख मऊ होते, त्याचा दोष कारागिराकडे जात नाही. आखूड शेपूट मात्र त्याचेच, आणि मूठ बसल्यावर ते दिसत नाही. सुरी घडत असताना समोर उभे राहण्याचा हा एक मोठा फायदा.

तक्रार घेऊन जायचे तर आठवडी बाजाराचा दिवस टाळून जावे. सुरीने काय कापले, कशावर ठेवून कापले, धार कशावर काढली, हे न लपवता सांगावे. चार गिऱ्हाइकांसमोर खोट काढली की कारागीर बचावाला उभा राहतो, भट्टी निवल्यावर तोच पाते हातात घेऊन बारकाईने पाहतो. पाल ठोकून बसणाऱ्या घिसाड्यांकडून घेतलेली सुरी त्याच आठवड्यात पारखावी. पाल हलले की माणूस सापडत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूबद्दल दोन वर्षांपर्यंत तक्रार करण्याची सोय आहे, पण बिलाशिवाय घेतलेल्या सुरीसाठी तो मार्ग क्वचितच परवडतो.

तडकलेली सुरी भाजीपुरती वापरू असे म्हणून ठेवू नये, कोणाला देऊही नये. ती लोहाराकडे द्यावी. तडा आणि त्याच्या शेजारचा भाग कापून टाकला की उरलेल्या पोलादात एक खुरपे सहज निघते.