टेकून बस बेटा! – घाम, तेल आणि गाडीची सीट



आजचा पाठ पुस्तकात नाही, तो गाडीत सापडला. शिष्यवृत्ती परीक्षेसाठी सिहोऱ्याहून आमच्या चार मुलांना तुमसरला न्यायचं होतं. एका पालकांनी मोठ्या मनाने स्वतःची गाडी दिली. नवी गाडी, मऊ चामड्याच्या सीट. मुलं बसताना ते सहज बोलून गेले, "डोक्याला तेल आहे ना, मागं टेकू नका बरं." माझ्या शेजारची मुलगी तुमसरपर्यंत काठीसारखी ताठ बसली. मी म्हटलं, "टेक ना गं." तर हळूच म्हणाली, "मॅडम, सीटले तेल लागन ना!"

पेपर द्यायला निघालेलं लेकरू स्वतःच्या डोक्याची लाज घेऊन बसलं होतं. गाडीवाल्यांचंही चूक म्हणवत नाही, कारण सीट खरंच खराब होते. मग ठरवलं, पुढच्या आठवड्यात यावरच पाठ घ्यायचा.

घाम वेगळा, तेल वेगळं

मुलांना आधी हा फरक सांगा. आपल्या अंगावर साधारण २० ते ४० लाख घामाच्या ग्रंथी असतात. घामात सुमारे ९९ टक्के पाणी असतं, बाकी मीठ आणि थोडे इतर पदार्थ. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. आपल्या भंडाऱ्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा घाम आला नाही तर माणूस आजारी पडेल.

त्वचेचं तेल मात्र वेगळ्या ग्रंथींमधून, केसांच्या मुळाशी तयार होतं. त्यामुळे त्वचा आणि केस कोरडे पडत नाहीत. गंमत म्हणजे तळहात आणि तळपायावर या तेलग्रंथी नसतातच. मग स्टेअरिंग तेलकट का होतं? कारण आपण हात चेहऱ्याला आणि केसांना लावतो. मुलांना हा प्रश्न विचारून बघा, उत्तर तेच शोधतात.

म्हणजे घाम आणि तेल ही घाण नाही. शरीर नीट काम करतंय, याची ती खूण आहे.

चामड्याचं काय बिघडतं?

चामडं दोन तऱ्हेचं समजा. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. (या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.) त्यावर प्लास्टिकसारखा थर नसतो, म्हणून पायाचा घाम आत मुरतो आणि काही महिन्यांत पावलाचा काळा ठसा उमटतो.

गाडीच्या बहुतेक चामडी सीटवर मात्र रंगाचा आणि त्यावर पारदर्शक लेपाचा थर असतो. घाम लगेच आत जात नाही. पण पाणी उडून गेल्यावर मीठ मागे राहतं, तेल धूळ धरून ठेवतं, आणि रोजच्या घासण्याने हा मळ लेपावर रगडला जातो. तेल दीर्घकाळ राहिलं तर लेप मऊ पडतो, मग रंग निघतो. म्हणून डोकं टेकतो ती जागा, हाताची जागा आणि स्टेअरिंग आधी काळवंडतं. बऱ्याच गाड्यांत तर चामडं नसतंच, रेक्झिन असतं. तेही तेलाने आणि उन्हाने कडक होऊन तडकतं.

वर्गातील कृती

१. कागदाच्या एका तुकड्यावर पाण्याचा थेंब, दुसऱ्यावर खोबरेल तेलाचा थेंब टाका. तिसरा तुकडा कपाळावर दाबून धरा. तिन्ही उजेडासमोर धरून बघा आणि तासाभराने परत बघा. पाण्याचा डाग जातो, तेलाचा राहतो. कारण पाणी उडून जातं, तेल कागदाच्या धाग्यांमध्ये बसून राहतं.

२. जुन्या कोल्हापुरी चपलेवर आणि गुळगुळीत बॅगेवर पाण्याचा एकेक थेंब टाका. कुठे मुरला, कुठे थांबला?

३. पाण्यात तेल टाकून हलवा. वेगळं होईल. आता साबणाचं पाणी घालून हलवा. साबण तेलाचे बारीक कण करून पाण्यात धरून ठेवतो. सीट पुसण्यामागचं विज्ञान एवढंच आहे.

पालकांसाठी

- आठवड्यातून एकदा मऊ, ओलसर (निथळणारं नव्हे) कापड फिरवा, मग कोरड्याने पुसा.
- महिन्यातून एकदा सौम्य साबणाच्या पाण्याचा नुसता फेस घेऊन हलक्या हाताने पुसा. आधी कोपऱ्यात करून बघा.
- कपडे धुण्याची पावडर, सोडा, स्पिरिट, थिनर नको. सॅनिटायझर लावलेले हात आधी वाळू द्या.
- चमक येते म्हणून खोबरेल तेल लावू नका. लेपावर ते आत जात नाही, उलट धूळ धरतं.
- गाडी सावलीत ठेवा.
- पूर्ण सीटकव्हर घेताना सीटच्या बाजूला एअरबॅग आहे का ते बघा. ती झाकली जाता कामा नये.
- सगळ्यात सोपं म्हणजे डोक्याच्या जागी धुता येणारा सुती टॉवेल.

टॉवेलवरून आठवलं, सरकारी कार्यालयात साहेबांच्या खुर्चीवर पांढरा टॉवेल असतो ना? एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये पुरुष केसांना मॅकॅसर नावाचं तेल लावत. खुर्च्या खराब होऊ लागल्या, तेव्हा घरोघरी पाठीवर कापड टाकायला लागले. त्या कापडाचं नावच पडलं 'अँटीमॅकॅसर'. आपल्या जंगलातल्या कुसुमच्या बियांच्या तेलालाही मॅकॅसर तेल म्हणतात! म्हणजे तेलकट डोकं ही काही फक्त खेड्यातल्या लेकरांची गोष्ट नाही. आणि तिथे कुणी पाहुण्याला टेकू नको म्हटलं नाही, खुर्चीवर कापड टाकलं.

हा पाठ झाल्यावर मी त्या मुलीला विचारलं, "मग गाडीत काय करायचं?" ती म्हणाली, "टॉवेल टाकाचा अन् टेकून बसाचं."

वस्तू जपायला मुलांना जरूर शिकवूया. पण जपण्याची सोय मोठ्यांनी करायची, तिचं ओझं लेकराच्या मानेवर नको. गाडीत एक टॉवेल ठेवा. आणि मुलांना म्हणा, "टेकून बस बेटा!"

तुमच्या वर्गात ही कृती करून बघा, मुलांनी काय उत्तरं दिली ते नक्की कळवा.