दाबाची मापे आणि गावची नळयोजना

नळपाणीपुरवठा योजनेचे काम पाहणाऱ्या पंचायत सदस्यापुढे एकाच पाण्याचा दाब अनेक रूपांत येतो. पंपाच्या पट्टीवर तो मीटरमध्ये लिहिलेला असतो. दाबमापकाच्या तबकडीवर चौरस सेंटिमीटरला किलोग्रॅम आणि चौरस इंचाला पौंड असे दोन्ही आकडे आढळतात. पीव्हीसी नळावर मेगापास्कल छापलेले असते आणि बोलताना मात्र सारे ‘सहा किलोचा पाइप’ असेच म्हणतात. या मापांचा मेळ बसला नाही, तर दुबळा नळ जमिनीत पुरला जातो आणि योजना सुरू झाल्यावर तो फुटतो.

सर्व मापांना जोडणारा धागा म्हणजे पाण्याची उंची. एक चौरस सेंटिमीटर तळाचा आणि 10 मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ कल्पिला, तर त्यात 1,000 घनसेंटिमीटर, म्हणजे एक किलोग्रॅम पाणी मावते. म्हणून 10 मीटर उंची म्हणजे चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब. पौंड आणि इंच यांच्या हिशेबाने हाच दाब चौरस इंचाला 14.22 पौंड भरतो. 1971 मध्ये आंतरराष्ट्रीय पद्धतीत दाबाच्या एककाला फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल यांचे नाव देण्यात आले. हे एकक फारच लहान आहे. 10 मीटर पाण्याचा दाब सुमारे 98,000 पास्कल होतो. व्यवहारात दहा लाख पास्कलचा एक मेगापास्कल वापरतात आणि तो सुमारे 102 मीटर पाण्याइतका असतो.

समजा, टेकडीवरील जलकुंभातील पाण्याची पातळी गावातील सर्वांत खालच्या घरापेक्षा 46 मीटर उंच आहे. त्या घरापाशी दाब 4.6 किलो, म्हणजे चौरस इंचाला सुमारे 65 पौंड किंवा 0.45 मेगापास्कल होईल. तेथे 0.4 मेगापास्कलचा नळ घालणे चूक ठरेल, 0.6 चा घ्यावा लागेल. दिवसा नळ चालू असताना घर्षणामुळे दाब कमी भरतो आणि कमी ताकदीचा नळही तग धरतो. रात्री सर्व तोट्या बंद झाल्या की तोच नळ पूर्ण उंचीचा दाब सोसतो. फुटण्याची वेळ बहुधा हीच! पंप एकाएकी बंद पडल्यास पंपापासून टाकीपर्यंतच्या वाहिनीत याहूनही मोठे धक्के बसतात, ते निराळेच. टाकी मोठी म्हणजे दाब अधिक, हा समज मात्र खरा नाही. दाब ठरतो तो उंचीवर. टाकीच्या रुंदीवर नव्हे.

वरच्या आळीत प्रश्न उलटा असतो. एकमजली घरांसाठी नळाला किमान 7 मीटर दाब असावा, असा पाणीपुरवठा अभियांत्रिकीतील रूढ संकेत आहे. तो 0.7 किलो, म्हणजेच चौरस इंचाला 10 पौंड होतो. तबकडीवरील सुई ‘दहा’वर आहे एवढेच नोंदवहीत लिहिले, तर तिचा अर्थ 7 मीटरही होईल आणि 100 मीटरही. एककाविना आकडा लिहिणे म्हणजे तो न लिहिणेच होय.

दवाखान्यातील रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. पारा पाण्याच्या 13.6 पट जड असल्याने 120 मिलिमीटर पारा म्हणजे सुमारे 1.63 मीटर पाणी. पाण्याची नळी वापरायची तर ती माणसाएवढी उंच लागली असती.

हवामान वृत्तातील हेक्टोपास्कल हे जुन्या मिलिबारचेच नाव. समुद्रसपाटीवर हवेचा सरासरी दाब 1,013 हेक्टोपास्कल, म्हणजे 760 मिलिमीटर पारा किंवा 10.3 मीटर पाणी असतो. साध्या तबकडीचे शून्य या हवेच्या दाबापासून सुरू होते. म्हणून वरील हिशेबात तो मिळवायचा नसतो. विहिरीच्या काठावर बसविलेला पंप मात्र याच हवेच्या दाबावर पाणी ओढतो. त्यामुळे तो कितीही अश्वशक्तीचा असला, तरी 10.3 मीटरहून खोल पाणी ओढू शकत नाही. प्रत्यक्षात ही मर्यादा 6 ते 7 मीटरच राहते. पातळी त्याहून खाली गेली, की पंप विहिरीत खाली उतरवावा लागतो किंवा पाण्यात बुडणारा घ्यावा लागतो.