अनसूया : दत्तप्रभूंच्या मातेचे नाव

मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजन्माचा पाळणा म्हणताना आपण ज्या माउलीचे नाव घेतो, ते आपल्या देवळाली प्रवरेत कोणी अनुसया म्हणतं, कोणी अनसाबाई. बँकेत मी नोकरीला होतो तेव्हा एकाच बाईचं नाव पासबुकात अनुसया, रेशनकार्डावर अनुसूया आणि सातबाऱ्यावर अनसाबाई असं पाहिलं आहे. वारसाच्या कामात मग प्रतिज्ञापत्र आलंच!

मूळ शब्द अनसूया. अन् + असूया. स्वरापुढे नकाराचा 'अन्' होतो, जसे अनंत, अनादी. जिच्या ठायी असूया नाही ती अनसूया. 'अनु' लिहिले की तो नकारच जातो, कारण अनु म्हणजे मागून.

असूया म्हणजे मत्सर, असे आपण सर्रास धरतो. पण दुसऱ्याचे चांगले झालेले न बघवणे हा मत्सर. असूया त्याहून वेगळी. अमरकोशात तिचा अर्थ दिला आहे तो गुणांवरही दोष लादणे असा. शेजाऱ्याने मंदिराला देणगी दिली की आपण म्हणतो, "पाटीवर नाव यावं म्हणून दिली." ही असूया. गौतम धर्मसूत्रात आत्म्याचे आठ गुण सांगितले आहेत, त्यांत दया, क्षमा यांच्या पंक्तीला अनसूया आहे. आणि गीतेच्या नवव्या अध्यायात गुह्यतम ज्ञान सांगण्याआधी भगवंत अर्जुनाला दोष न काढणारा म्हणतात, तेही याच शब्दाने. त्या गीतेवर माउलींनी आपल्या प्रवरेच्याच काठी, नेवाशाला, शके १२१२ मध्ये टीका सांगितली.

भागवताप्रमाणे अनसूया ही कर्दम-देवहूतीची कन्या, कपिलमुनींची बहीण, अत्रिऋषींची पत्नी. वाल्मीकि रामायणात ती वृद्ध झालेली आहे. वनवासात आलेल्या सीतेला ती जवळ बसवून वस्त्रे, अलंकार, उटी देते.

कीर्तनात तिन्ही देवींना तिचा हेवा वाटला असं रंगवतात. गुरुचरित्राच्या चौथ्या अध्यायात मात्र धास्ती घेतात ते इंद्रादी देव. कसेही धरा, परीक्षा झाली ती तिच्या चांगुलपणाचीच. परीक्षेला आलेल्या देवांना तिने बोल लावला नाही, पुत्र होऊन राहा एवढेच मागितले.

बोलताना अनुसया खुशाल म्हणा, त्यातही माया आहे. पण नातीचे हे नाव ठेवणार असाल तर जन्मदाखला घेताना खिडकीवरच वाचून घ्या : 'न'ला उकार नको, 'सू' दीर्घ.