गढूळ पाण्यांतील कोळंबी

चेंबूरपासून जवळच माहुलचा कोळीवाडा आहे. तेथील मुलांना कोळंबी म्हणजे काय हें सांगावयास नको. परंतु तीच कोळंबी टाकींतील पाणी महिनेन् महिने न बदलतां, चहासारख्या तपकिरी पाण्यांत वाढवितात असें आम्ही सांगूं लागलों, तर तीं खचित हसतील. या पद्धतीस बायोफ्लॉक म्हणतात. अंधेरीनजीक वर्सोवा येथें १९६१ सालीं स्थापन झालेल्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेंत तिजवर संशोधन झालें आहे.

कोळंबीच्या खाद्यांत प्रथिनें पुष्कळ असतात. त्यांतील थोडाच नत्र तिच्या अंगीं लागतो; उरलेल्याचा बराच भाग पाण्यांत अमोनियाच्या रूपानें साठतो, आणि अमोनिया विषारी आहे. पूर्वीं उपाय एकच असे : जुनें पाणी खाडींत सोडावें व नवें घ्यावें. त्यानें खाडी बिघडते आणि नव्या पाण्याबरोबर रोगही आंत येतो. १९९० नंतरच्या दशकांत पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणुरोगानें आपल्या देशांतील कोळंबीची तळीं कशीं ओस पडलीं, हें जाणत्यांस ठाऊकच आहे.

इस्रायलचे योराम अवनिमेलेख यांनीं त्याच सुमारास दाखवून दिलें कीं, पाण्यांत कर्ब वाढविला असतां जीवाणू अमोनियांतील नत्र घेऊन आपलीं शरीरें बांधतात. त्यांचे पुंजके होतात व तेच कोळंबी खाते!

विद्यार्थ्यांनीं हिशेब करून पाहावा. १ किलो खाद्यांत ३०० ग्रॅम प्रथिन. प्रथिनांत नत्र शेंकडा १६, म्हणजे ४८ ग्रॅम. त्यांतील निम्मा, २४ ग्रॅम, अमोनिया होतो असें धरूं. दर ग्रॅमास २० ग्रॅम पिष्ट वा साखर लागते. म्हणजे ४८० ग्रॅम. साखर-कारखान्याच्या मळींत साखर सुमारें निम्मी, म्हणून मळी जवळजवळ १ किलो. पुढें अमोनियाचें नायट्रेट करणारे जीवाणू जमले कीं मळी कमी करावी. मात्र हे जीवाणू दर ग्रॅम नत्रामागें सुमारें ७ ग्रॅम अल्कधर्म खाऊन टाकतात. तो लिटरास १०० मिलिग्रॅमच्या खालीं जाऊं लागतांच खाण्याचा सोडा घालावा.

पुंजकेही बेताचे हवेत. लिटरभर पाणी शंकूच्या आकाराच्या पात्रांत वीस-तीस मिनिटें ठेवावें. तळाशीं १० ते १५ मिलिलिटर गाळ बसला तर ठीक. अधिक बसल्यास कोळंबीच्या कल्ल्यांत अडकतो, व प्राणवायूही खातो. आठवड्यास कांहीं कोळंब्या तोलाव्या व वजनावरून खाद्य ठरवावें. अंदाजानें ओतलेलें खाद्य म्हणजे पुन्हां अमोनियाच.

प्राणवायु लिटरास ५ मिलिग्रॅम असावा. येथें हलगर्जी खपत नाहीं. आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें वाढ लवकर व्हावी म्हणून मळी सढळ हातानें घातली. त्याच रात्रीं वीज गेली आणि हवेचा पंप थांबला. उजाडतां सारी टाकी मेलेली होती. आतां त्यानें पुन्हां टाकी भरली आहे, पण जनित्र आधीं घेतलें.